बाटलीवरचा ‘ने’ आणि ‘त’

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा भाचा युरोपातून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत बिअरची एक बाटली होती. मला बिअरची आवड नाही. बाटली त्याने आणि माझ्या धाकट्या भावाने गच्चीवर बसून संपवली. रिकामी बाटली मात्र मी ठेवून घेतली, ती लेबलासाठी. छापील कागद दिसला की वाचल्याशिवाय टाकायचा नाही, ही माझी जुनी खोड आहे. लेबलावर एक गमतीदार चित्र होते, ‘मिकेलर’ हे नाव होते आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा : मिकेलरने, बेल्जियममधील लोख्रिस्तीच्या द प्रूफ ब्रुअरीत बनवली व बाटलीबंद केली.

मिकेलर ही डेन्मार्कची कंपनी, कोपनहेगनची. बिअर मात्र बेल्जियममध्ये बनलेली. शाळेत आपण सगळ्यांनी विभक्तीचे प्रत्यय घोकलेले आहेत. तृतीयेचा ‘ने’, सप्तमीचा ‘त’. ‘ने’ करणारा सांगतो, ‘त’ ठिकाण सांगतो. या ओळीत करणारा डेन्मार्कमध्ये होता आणि कढई बेल्जियममध्ये. धान्य भिजवणारे, उकळणारे, आंबवणारे हात सगळे त्या ‘त’च्या पोटात होते, आणि तरी ‘ने’ दुसऱ्याच्या नावाला लागला होता.

मी या ओळीपाशी का अडलो, ते सांगायला हवे. आमचे घर इचलकरंजीचे. वडिलांचे चार माग होते आणि ते खर्चीवर चालत. ज्यांना यंत्रमागाचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : खर्चीवाला म्हणजे ज्याचा माग स्वतःचा, पण सूत व्यापाऱ्याचे. व्यापारी बीम आणि बाण्याचे सूत पाठवतो, कापड कसे हवे ते सांगतो, खर्चीवाला विणून देतो आणि पिकांच्या हिशेबाने मीटरमागे मजुरी घेतो. कापडात खोट निघाली की ती मजुरीतून कापली जाते. आमच्या मागावरून वर्षानुवर्षे हजारो मीटर कापड उतरले. त्यातल्या एकाही ताग्यावर आमचे नाव नव्हते, आणि ‘इचलकरंजीत विणले’ एवढेही कुठे लिहिलेले नव्हते. त्यामुळे दूरदेशीच्या एका बाटलीवर ‘ने’ आणि ‘त’ दोन्ही छापलेले पाहून मला नवल वाटले. त्या ओळीच्या मागे गेलो, तो जवळजवळ सहाशे वर्षे मागे जावे लागले.

सामायिक कढई

दुसऱ्याच्या भांड्यात आपली बिअर उकळून घेणे ही आजची युक्ती नव्हे. जर्मनीत बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात ओबरफाल्झ नावाचा प्रदेश आहे. तिथल्या नॉयहाउस या गावाला १४१५ साली बिअर बनवण्याचा हक्क मिळाला. हा हक्क घरांना होता, पण भट्टी गावाची होती. ज्याची पाळी असेल त्याने आपले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, आणि हॉप्स घेऊन गावाच्या भट्टीवर जायचे, लाकडे जाळून गोड काढा उकळायचा, रात्रभर निववायचा आणि घरच्या तळघरात नेऊन यीस्ट घालून आंबवायचा. बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांचा तारा टांगायचा. तारा दिसला की गावाने समजायचे, आज या घरी बिअर आहे. या पद्धतीला आणि या बिअरला ‘झॉइगल’ म्हणतात. नॉयहाउस, विंडिशएशेनबाख, एस्लार्न, फाल्केनबर्ग आणि मिटरटाइख या पाच गावांत ती अजून चालू आहे. भट्टी वापरल्याबद्दल जे पैसे द्यायचे, त्याला तिथे ‘कढईचे पैसे’ अशा अर्थाचाच शब्द आहे.

आपल्या वाचकाला यात परके काही वाटू नये. दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात घालून बेकरीत नेणारी पिढी अजून आपल्यात आहे. भट्टी बेकरीवाल्याची, भाजणारा त्याचा माणूस. पण नानकटाई आपल्या घरची. पत्र्याचा डबा घेऊन परत येताना ‘ही बेकरीवाल्याची नानकटाई’ असे कोणाच्या मनातही येत नसे.

खुद्द बेल्जियममध्ये याहून वेगळी एक जुनी रीत आहे. ब्रसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर बनते. तिच्यात यीस्ट घालत नाहीत. हवेतल्या आणि लाकडी पिंपांतल्या जिवाणूंवरच ती आंबते. तिथे काही घरे अशी आहेत की ती स्वतः काही उकळतच नाहीत. वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांकडून ताजा काढा आणतात, आपल्या पिंपांत वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे मुरवतात आणि जुन्या-नव्याचे मिश्रण करून ‘ग्यूझ’ नावाची बिअर बाटलीत भरतात. हान्सेन्स हे अशांतले जुने नाव, टिलक्वीन हे अलीकडचे. बाटलीवर नाव मुरवणाऱ्याचे असते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. म्हणजे एका गावात ‘ने’ आंबवणाऱ्या घराला मिळाला, दुसऱ्या गावात मिश्रण करणाऱ्याच्या जिभेला. फक्त कढई तापवणाऱ्याला तो कुठेच आपोआप मिळालेला नाही.

या जुन्या पद्धतींत एक गोष्ट समान होती. गिऱ्हाईक सगळे ओळखत होते. कढई कुणाची, तळघर कुणाचे, हे गावाला ठाऊक होते. लेबलाची गरज नव्हती.

चव प्रवासाला निघाली

ही ओळख तुटली ती एकोणिसाव्या शतकात, आणि गंमत अशी की तिच्या तुटण्याचे एक टोक कोपनहेगनलाच सापडते. १८४७ साली याकोब क्रिस्टियन याकोबसेन याने शहराबाहेरच्या टेकडीवर बिअरचा कारखाना काढला. मुलाचे नाव कार्ल आणि ‘बर्ग’ म्हणजे टेकडी, म्हणून कार्ल्सबर्ग. १८७५ मध्ये त्याने कारखान्याला जोडून प्रयोगशाळा उभी केली. तिथे एमिल क्रिस्टियन हान्सेन याने १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवण्यात यश मिळवले. तोवर कारखान्यातल्या यीस्टमध्ये रानटी यीस्टची भेसळ होऊन घाणेच्या घाणे बिघडत. याकोबसेनने हा शोध कुलपात ठेवला नाही. यीस्ट आणि पद्धत त्याने इतर ब्रुअऱ्यांना खुली करून दिली. त्याच प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन सोरेनसेन याने आम्लता मोजण्याचे पीएच हे माप ठरवले, जे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमस कागदापाशी शिकलो.

बिअरच्या इतिहासात हे सगळे ‘गुणवत्ता सुधारली’ या सदरात सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. शुद्ध यीस्ट, कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रे, तापमापक, पीएच, पाण्यातल्या क्षारांचे मोजमाप ही साधने हाती आल्यावर बिअर आकड्यांत लिहिता येऊ लागली. आणि जी गोष्ट आकड्यांत लिहिता येते, ती दुसऱ्या गावी पाठवता येते. तोवर चव गावच्या पाण्याला, तळघराच्या थंडाव्याला आणि तिथल्या यीस्टला बांधलेली होती. आता ती कागदावर उतरली. कॉन्ट्रॅक्ट ब्रुइंग, म्हणजे आमच्या भाषेत खर्चीवरची बिअर, शक्य झाली ती या कागदामुळे.

बिअर बॉस्टनची, कढई पिट्सबर्गची

तिचा धंदा म्हणून मोठा विस्तार झाला अमेरिकेत. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथले कारखाने धडाधड बंद पडले. त्यानंतर बड्या कंपन्यांनी उरलेल्यांना गिळले. १९७०च्या दशकाच्या शेवटी एवढ्या मोठ्या देशात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. ज्या थोड्या जुन्या घराण्यांच्या ब्रुअऱ्या तग धरून होत्या, त्यांच्या टाक्या अर्ध्या रिकाम्या असत. दुसरीकडे १९७८ साली घरी बिअर बनवण्याला कायद्याने परवानगी मिळाली आणि वेगळ्या चवीच्या मागे लागलेली एक पिढी तयार झाली. यांच्याकडे पाककृती होती, भांडवल नव्हते. त्यांच्याकडे कढया होत्या, काम नव्हते.

१९८२ साली मॅथ्यू राइशने ‘न्यू ॲमस्टरडॅम’ ही बिअर न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी, एफ. एक्स. मॅट घराण्याच्या ब्रुअरीत बनवून घेतली. १९८५च्या एप्रिलमध्ये जिम कोकने बॉस्टनमध्ये ‘सॅम्युअल ॲडम्स’ बाजारात आणली. कोक हा ब्रुअरांच्या घराण्यातला, हार्वर्डमध्ये शिकलेला आणि व्यवस्थापन सल्लागाराची नोकरी सोडून आलेला. पाककृती खापरपणजोबांची. नाव स्वातंत्र्ययुद्धातल्या बॉस्टनच्या पुढाऱ्याचे. बिअर मात्र उकळत होती पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनीत, जिथे तिथल्या कामगारांची आवडती ‘आयर्न सिटी’ बनत असे. पाठोपाठ १९८८ मध्ये स्टीव्ह हिंडी आणि टॉम पॉटर यांनी ‘ब्रुकलिन लागर’ आणली. तीही युटिकालाच, मॅटच्या कढईत. हिंडी पूर्वी मध्यपूर्वेत वार्ताहर होता आणि घरी बिअर बनवण्याचे वेड त्याला तिथल्या परदेशी वकिलातींच्या लोकांकडून लागले होते.

यावर स्वतःची भट्टी उभारलेले छोटे ब्रुअर चिडले. आम्ही कर्ज काढून टाक्या आणल्या, पहाटे उठून घमेली उपसली, आणि हे फोनवर बिअर बनवतात! कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे उत्तर तयार असे. नामांकित आचारी तुमच्या स्वयंपाकघरात आला, आपले सामान घेऊन आला, आपल्या पद्धतीने रांधून गेला, तर जेवण कोणी केले म्हणाल? उत्तर बिनतोड वाटते, पण त्यात एक खोच आहे. आचारी स्वतः ओट्यापाशी उभा असतो. इथे पाककृती आलेली असे; ढवळणारे हात पगारी, पिट्सबर्गचे.

भांडण टोकाला गेले १९९६ साली. आदल्या वर्षी कोकची कंपनी शेअरबाजारात उतरली होती. बडवायझरवाल्या अन्हायझर-बुश कंपनीने सरकारकडे धरणे धरले की बिअर प्रत्यक्ष कोणी बनवली ते लेबलावर स्पष्ट यावे. त्याच वर्षी एका मोठ्या दूरचित्रवाणी वाहिनीने ‘बॉस्टनची बिअर बॉस्टनमध्ये बनतच नाही’ असा कार्यक्रम दाखवला. मागणी रास्त होती; मागणारा मात्र देशातला सगळ्यात मोठा बिअर उत्पादक होता आणि त्याला ही छोटी माणसे डोईजड होऊ लागली होती. सत्याचा आग्रह कोण कोणत्या वेळी धरतो, तेही इतिहासात नोंदवून ठेवावे लागते.

पुढच्याच वर्षी कोकने सिनसिनाटीमधली एक जुनी ब्रुअरी विकत घेतली. ब्रुकलिनवाल्यांनी १९९६ मध्येच विल्यम्सबर्ग भागात स्वतःची भट्टी पेटवली. राइशने तर १९८६ सालीच मॅनहॅटनमध्ये स्वतःची ब्रुअरी काढली होती, पण ती फार काळ टिकली नाही. ज्याची कढई दुसऱ्याची, त्याला कधी ना कधी स्वतःची हवीशी वाटते, असे या तिघांकडे पाहून म्हणता येईल. कढईवाल्यांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. युटिकाच्या मॅट घराण्याला कॉन्ट्रॅक्टच्या कामाने जगवले, आणि त्या आधारावर त्यांनी ‘सारानॅक’ नावाची स्वतःची बिअर वाढवली. पिट्सबर्ग ब्रुइंगने २००५ साली दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याला कारणे अनेक होती. पण सॅम्युअल ॲडम्सचे नाव ज्या ज्या घरात पोचले, त्या त्या घरात पिट्सबर्गचे नाव पोचले नाही, एवढे नक्की.

गणिताच्या मास्तरांची कंपनी

आता माझ्या बाटलीकडे येतो. मिकेल बोर्ग ब्येर्गसो हा कोपनहेगनमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक. तरुणपणी पळण्याच्या शर्यतींत चमकलेला. क्रिस्टियन क्लारूप केलर हा त्याचा पत्रकार मित्र. दोघे घरच्या स्वयंपाकघरात बिअर बनवत. २००६ साली त्यांनी कंपनी काढली आणि मिकेल व केलर या नावांचा संधी करून तिला ‘मिकेलर’ म्हटले. केलर वर्षभरात पत्रकारितेकडे परतला, नाव मात्र राहिले.

त्यांना नाव मिळवून दिले ते ‘बिअर गीक ब्रेकफास्ट’ या बिअरने. ओट घातलेली काळी स्टाउट त्यांना मनासारखी साधत नव्हती. शेवटी त्यांनी तिच्यात कॉफी मिसळली, आणि जगभरच्या रसिकांनी तिला उचलून धरले. पुढे याच कुळातल्या एका बिअरमध्ये मिकेलने व्हिएतनामची, उदमांजराच्या पोटातून गेलेली कॉफी घातली. एरवी सावध असणारा कारखानदार ज्या खर्चाला हात लावणार नाही, तो करण्याची मोकळीक त्याला होती. त्याच्या डोक्यावर टाक्यांचे कर्ज नव्हते. एखादी बिअर लोकांना रुचली नाही, तर नुकसान एका घाण्याचे. ज्याची स्वतःची भट्टी असते त्याला ती रोज पेटती ठेवावी लागते, म्हणून तो खपणारीच बिअर पुन्हा पुन्हा बनवतो. मिकेलने शेकडो वेगवेगळ्या बिअर काढल्या त्या या मोकळिकीमुळे. २०१० साली त्याने कोपनहेगनमध्ये पहिला बार उघडला, २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत. मग नाव देशोदेशी गेले. आंतरराष्ट्रीय ब्रुअरी झाली, आणि तिच्या बहुतेक बिअर अजूनही दुसऱ्यांच्याच कढईत शिजत होत्या.

त्या कढया काही नॉर्वेत होत्या, काही इतरत्र. मुख्य होती ती लोख्रिस्तीची.

‘त’च्या पोटात

लोख्रिस्ती हे गेंट शहराजवळचे गाव, फुलझाडांच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाणारे. डिर्क नाउट्स हा ब्रुइंगचा इंजिनिअर, गेंटमध्ये हाच विषय शिकवलेला. त्याने १९९६ साली तिथे ‘द प्रूफ’ सुरू केली. डच भाषेत ‘प्रूफ’ म्हणजे चाचणी, प्रयोग. चव घेणे या क्रियापदाचे मूळही तेच. इतरांसाठी बिअर बनवणे हाच या ब्रुअरीचा मुख्य व्यवसाय. प्रयोगशाळा, यीस्टचा संग्रह, यंत्रावर नेमून दिलेले तापमान, आणि मोजकी माणसे.

मिकेल पाककृती ईमेलने पाठवत असे; भट्टीपाशी तो क्वचितच असे. पाककृती म्हणजे काय? कोणते माल्ट किती किलो. ते कोणत्या तापमानाच्या पाण्यात भिजवायचे. पासष्ट अंशांच्या आसपास ठेवले तर बिअर कोरडी होते, तीनचार अंश वर गेले तर भरीव आणि गोडसर. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घातले तर कडवटपणा देतात, शेवटी घातले तर वास. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर कडू चव उठून येते. यीस्ट कोणते आणि ते किती अंशांवर आंबवायचे. एवढे लिहून झाले तरी काम संपत नाही. वीस लिटरच्या पातेल्यातली कृती हजारो लिटरच्या कढईला नुसते गुणून चालत नाही. मोठ्या कढईत हॉप्सचा कडवटपणा वेगळ्या प्रमाणात उतरतो, काढा निवायला वेगळा वेळ लागतो, यीस्टवर उंच टाकीचा दाब येतो. स्वयंपाकघरातल्या चवीचे कारखान्यातल्या चवीत भाषांतर करावे लागते. ते भाषांतर नाउट्स आणि त्याची माणसे करत. अनुवादकाचे नाव पुस्तकावर छापायचे की नाही, यावर मराठीत किती वाद झालेत, ते वाचकांना सांगायला नको.

हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. कॉन्ट्रॅक्टच्या धंद्यात कढईपेक्षा टाकी महाग पडते. उकळणे एका दिवसाचे काम. पण साधी एल दोनतीन आठवडे टाकी अडवते, लागर त्याहून जास्त. म्हणून कढईवाला लिटरचा भाव लावताना मनात टाकीचे दिवस मोजत असतो, जसा आमच्याकडे खर्चीवाला मीटर बोलतो पण मनात पिके मोजतो. घाणा बिघडला तर भुर्दंड कुणाचा, हेही आधी ठरवावे लागते : कृतीप्रमाणे बनवूनही चव वाईट निघाली तर देणाऱ्याचा, कृती पाळली नाही तर करणाऱ्याचा. हे भांडण तोलायला द प्रूफकडे प्रयोगशाळेचे कागद असत. आमच्या वडिलांकडे व्यापाऱ्याच्या मुनिमाची नजर असे, आणि ती नेहमी खोट शोधतच यायची.

दोन भाऊ

मिकेलला जुळा भाऊ आहे, येपे. त्याचे कोपनहेगनमध्ये निवडक बिअरचे दुकान होते. २०१० साली त्यानेही स्वतःची भट्टी नसलेली कंपनी काढली आणि तिला नाव दिले ‘ईव्हिल ट्विन’, म्हणजे खट्याळ जुळा. तो न्यूयॉर्कला गेला. दोघा भावांत अबोला धरण्याइतके वितुष्ट आले आणि २०१४ साली अमेरिकेच्या एका मोठ्या वृत्तपत्राने ते सविस्तर छापले. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. कढई दोघांचीही नव्हती. तेव्हा वाद जो होता तो जीभ कुणाची, कल्पना कुणाची, यावरच असू शकत होता. मालमत्ता नसली की भाऊबंदकी मिटते असे आपण समजतो. इथे ती नावावर आली.

या पद्धतीला तिकडे ‘जिप्सी ब्रुइंग’ म्हणण्याची पद्धत पडली. युरोपात रोमा समाजाने शतकानुशतके जे सोसले, ते पाहता आता अनेक जण हा शब्द टाळतात, आणि ते बरेच आहे. भटके-विमुक्त हा शब्द कोणत्या दुःखातून आला हे माहीत असलेल्या आपल्या वाचकाला त्याचे कारण समजावून द्यावे लागणार नाही. आवडीने भटकणारा आणि हाकलल्यामुळे भटकणारा यांना एकच नाव देऊ नये.

शेवटी हे दोघेही कढईपाशी आलेच. मिकेलने २०१६ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ब्रुअरी घेतली. येपेने २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्वतःची भट्टी सुरू केली. आणि अलीकडे कार्ल्सबर्गने मिकेलर कंपनीत अल्प हिस्सा घेतला. ज्या प्रयोगशाळेने चव कागदावर उतरवली, तिचे घर आणि त्या कागदावर जगलेली कंपनी अशी एका गावात एकत्र आली.

आपल्याकडचा ‘त’

हे सारे परदेशातले झाले. आपल्या देशात दारू हा घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांचा विषय. तिच्यावरचे उत्पादनशुल्क राज्याचे, परवाने राज्याचे. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर. एका राज्यातली बिअर दुसऱ्या राज्यात न्यायची तर शुल्क, परवाने आणि लेबलनोंदणी नव्याने. त्यामुळे आपल्याकडे बिअर प्रवास करत नाही, पाककृती करते. मोठ्या ब्रँडना ठिकठिकाणच्या कारखान्यांत आपली बिअर बनवून घ्यावी लागते. अमेरिकेत रिकाम्या टाक्यांनी जे घडवले, ते इथे शुल्काच्या नाक्यांनी घडवले.

दोन उदाहरणे पुरेत. करण बिलिमोरिया यांनी इंग्लंडमधल्या भारतीय उपाहारगृहांसाठी ‘कोब्रा’ बिअर काढली. १९९० साली ती बंगळूरच्या ब्रुअरीतून जहाजाने जाऊ लागली. १९९७च्या सुमारास ती इंग्लंडमध्येच, बेडफर्डला बनू लागली. हिंदुस्थानी जेवणाबरोबरची हिंदुस्थानी बिअर इंग्रजी पाण्याची झाली. उलट २०१५ साली अंकुर जैन यांनी दिल्लीत ‘बिरा ९१’ आणली. नावातला एक्याण्णव हा भारताचा दूरध्वनी क्रमांक, पण पहिली बिअर बनून येत होती बेल्जियममधून. नंतर तिचे उत्पादन भारतात आले. एकीचा ‘त’ भारतातून इंग्लंडला गेला, दुसरीचा बेल्जियममधून भारतात आला. ‘ने’ मात्र दोन्हीकडे जिथल्या तिथे राहिला.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने सांगितली पाहिजे. बंद पाकिटातल्या मालावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता छापण्याचे बंधन आपल्या वजनमापाच्या नियमांत आहे. कोणतीही देशी बिअरची बाटली उचलून पाहा. मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचे नाव सापडेल. वाचत कोणी नाही, पण ‘त’ तिथे असतो.

सुरुवातीला मी या विषयाकडे रागानेच पाहत होतो. दुसऱ्याच्या कष्टावर स्वतःचे नाव छापणारे लोक, असेच माझे मत होते. आता ते तसे राहिलेले नाही. कॉन्ट्रॅक्टवर बनवून घेणे ही लबाडी नव्हे. झॉइगलची गावे तेच करत आली, बेकरीत नानकटाई नेणारी माझी आईही तेच करत होती. बॉस्टनच्या वादातले दुखणे पिट्सबर्गची कढई हे नव्हतेच. बॉस्टनचे चित्र मोठे आणि पिट्सबर्ग झाकलेले, हे होते. मिकेलरच्या ओळीत कढईचे गाव उघड लिहिले होते, आणि त्याचा फायदा एकट्या मिकेलरला झाला नाही. बाटल्यांवर पुन्हा पुन्हा ते नाव वाचून द प्रूफ हीच एक खूण बनली. तिथे बनलेली म्हणजे नीट बनलेली, असे लोक म्हणू लागले, आणि नवे गिऱ्हाईक त्या गावाचा पत्ता विचारत आले. एका सप्तमीच्या प्रत्ययाने तिथल्या कामाला पत मिळाली.

आमचे माग मंदीच्या एका लाटेत उभे राहिले. व्यापाऱ्याने बीम पाठवणे थांबवले, कारण त्याला दुसरीकडे स्वस्त मजुरी मिळाली. त्याच्या कापडाचे नाव बाजारात तसेच राहिले. चारही माग भंगाराच्या भावाने गेले. वीस वर्षे उत्तम कापड विणूनही वडिलांकडे दुसऱ्या व्यापाऱ्याला दाखवायला स्वतःच्या नावाचा एक तागा नव्हता. ‘ने’ त्यांनी कधी मागितलाही नसता. व्यापाऱ्याचे सूत, व्यापाऱ्याची पत, त्याचे नाव, हे त्यांना मान्य होते. पण ताग्याच्या टोकाला ‘इचलकरंजीत, अमुक यांच्या मागावर’ एवढी ओळ असती, तर कदाचित पुढच्या बीमसाठी त्यांना दारोदार जावे लागले नसते.

ती बाटली अजून माझ्या टेबलावर आहे. भाच्याला वाटते मी तिच्यात पेन्सिली ठेवतो म्हणून जपली आहे. पेन्सिली ठेवतो हे खरे. लेबलाची ती ओळ मात्र मी भिंतीकडे वळवून ठेवत नाही.